आभाळातून पडणारी घड्याळं

हैदराबादहून सोलापूरकडे येणारा महामार्ग उमरग्याच्या बाजूने धाराशिव जिल्ह्यात शिरतो आणि नळदुर्गवरून सोलापूरची वाट धरतो. त्याच पट्ट्यावर, जमिनीपासून तीस-चाळीस किलोमीटर उंच, आणखी एक वाट आहे. ती कुठल्याही रस्त्यांच्या नकाशात नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधल्या बलून केंद्रातून सुटलेले फुगे, वरचा वारा पश्चिमेकडे वाहत असला की, या वाटेने सरकतात. पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले, ५० ते ८५ मीटर व्यासाचे हे फुगे रात्री आठ ते पहाटे साडेसहाच्या दरम्यान सोडतात. काही तास ते वर राहतात. मग उपकरणांच्या पेट्या सुटून रंगीत पॅराशूटला लटकत खाली येतात.

मोहिमेआधी संस्था जाहीर सूचना काढते. विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरच्या टप्प्यात अशी पेटी उतरू शकते. दिसली तर उघडू नका, हलवू नका, आतल्या काही भागांत उच्च दाबाची वीज असू शकते, लगेच कळवा. पेटीला हात न लावता कळवणाऱ्याला बक्षीस मिळतं. उमरगा हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर, धाराशिव शहर पावणेतीनशेच्या आसपास. म्हणजे जिल्ह्याचा मोठा भाग या टप्प्यात बसतो.

या फुग्यांमागची मूळ ओढ विश्वकिरणांची होती. अवकाशातून सतत येणारे, बहुतेक प्रोटॉनचे, प्रचंड ऊर्जेचे कण. त्यांचा माग काढताना माणसाला एक अशी गोष्ट सापडली, जी कागदावर १९०५ पासून लिहिलेली होती, पण निसर्गात धडधडीत समोर उभी राहिली नव्हती: काळ सगळ्यांसाठी एकाच गतीने सरकत नाही. आणि त्या शोधात मुंबईत जन्मलेल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाचा हात आहे. होमी भाभा म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते, तुर्भे आठवतं, १९६६ सालचा माँ ब्लाँचा विमान अपघात आठवतो. मला त्यांचं १९३८ मधलं एक छोटं टिपण त्याहून मोठं वाटतं, आणि आपल्याकडे ते जवळजवळ कुणी सांगत नाही याची खंतही वाटते.

१९३६-३७ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना विश्वकिरणांमध्ये एक नवा कण सापडला. इलेक्ट्रॉनसारखाच विद्युतभार, पण वजन सुमारे दोनशे पट. आज त्याला म्यूऑन म्हणतात. जपानच्या हिदेकी युकावा यांनी १९३५ मध्ये अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलासाठी एक मध्यम वजनाचा कण कल्पिला होता. हा तोच असावा, असं बहुतेकांनी धरलं. भाभा तेव्हा केंब्रिजमध्ये होते. अभियांत्रिकी शिकायला गेलेला हा मुलगा गणिताकडे आणि तिथून भौतिकीकडे वळला होता. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडून त्यांनी नाव मिळवलं होतं.

जानेवारी १९३८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यांचं टिपण आलं. त्याचा मुख्य मुद्दा असा की हा जड कण टिकाऊ नसावा, तो आपोआप फुटून त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडावा. एवढं म्हणून ते थांबू शकले असते. त्यांनी पुढे एक गोष्ट जोडली. जो कण ठरावीक सरासरी काळाने आपोआप फुटतो, तो स्वतःच एक घड्याळ आहे. आणि घड्याळ असेल तर सापेक्षता सिद्धांताप्रमाणे, वेगाने धावताना तो आपल्याला जास्त काळ टिकलेला दिसला पाहिजे.

या विचाराचं मोल समजायला त्या काळाची अडचण लक्षात घ्यावी लागते. आइन्स्टाइनचं सूत्र सांगायचं की धावणारं घड्याळ मागे पडतं. पण किती? तासाला हजार किलोमीटर धावणाऱ्या विमानातलं घड्याळ दिवसभरात मागे पडेल ते सेकंदाच्या तीस-चाळीस अब्जांश भागांनी. १९३८ मधलं कुठलंही घड्याळ हा फरक पकडू शकत नव्हतं. हवं होतं ते प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ धावणारं घड्याळ. असं यंत्र कोण घडवणार? भाभांनी दाखवलं की ते घडवायची गरजच नाही, आभाळातून ते रोज पडतंय.

एक तपशील इथे सांगायला हवा. अँडरसनचा कण म्हणजे युकावाचा कण ही तेव्हाची समजूत पुढे चुकीची ठरली. १९४७ मध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाला पायऑन सापडला, तो युकावाचा; म्यूऑन त्याच्या फुटण्यातून जन्मतो. पण भाभांच्या घड्याळाच्या मुद्द्याला याने धक्का लागत नाही. कण कुठलाही असो, तो आपोआप फुटत असेल तर तर्क तसाच उभा राहतो. आजूबाजूची माहिती अपुरी असताना टिकणारा भाग नेमका वेगळा काढणं, हे मला त्या टिपणातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

आता हिशेब. म्यूऑन स्थिर असेल तर सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. म्यूऑन तयार होतात साधारण १५ किलोमीटर उंचीवर, विश्वकिरणांतले प्रोटॉन हवेच्या अणूंवर आदळतात तिथे. तिथून जमिनीपर्यंत यायला ५० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळपास तेवीस आयुष्यं. काळ सगळ्यांसाठी सारखाच असता तर सातशे कोटी म्यूऑनांतला एखादाच खाली पोचला असता. प्रत्यक्षात समुद्रसपाटीला दर मिनिटाला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक म्यूऑन येतो. तुमच्या उघड्या तळहातावर सेकंदाला एक तरी. हे वाचेपर्यंत कित्येक येऊन गेले.

म्यूऑन प्रकाशाच्या वेगाच्या ९९.८७ टक्के वेगाने धावत असेल तर सापेक्षतेचा गुणक वीस येतो. आपल्या घड्याळात ५० मायक्रोसेकंद जातात, त्याच्या स्वतःच्या घड्याळात फक्त अडीच. म्हणून वाटेत हवेत होणारी ऊर्जेची घट बाजूला ठेवली तर अशा म्यूऑनांपैकी जवळपास एक तृतीयांश खाली पोचतात. आणि म्यूऑनच्या बाजूने पाहिलं तर? त्याला स्वतःचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच वाटतं, त्याच्या दृष्टीने काहीच मंदावलेलं नाही. त्याला दिसतं ते हे की वातावरणच आक्रसलंय: १५ किलोमीटरचं साडेसातशे मीटर. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येतं.

तपासून पाहण्याचं काम केलं ब्रुनो रॉसी यांनी. पादुआ विद्यापीठातली भौतिकीची संस्था त्यांनी उभी केली होती. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशविषयक कायद्यांनी, ज्यू म्हणून, त्यांना तिथून काढलं. कोपनहेगन, मँचेस्टर असं करत ते शिकागोला पोचले आणि आर्थर कॉम्प्टन यांच्या पाठिंब्याने १९३९ च्या उन्हाळ्यातच एका जुन्या बसमध्ये उपकरणं भरून कोलोरॅडोच्या डोंगरांत गेले. त्यांची युक्ती साधी होती. हवेच्या एका थरात जेवढं वस्तुमान आहे तेवढ्याच वस्तुमानाचा ग्रॅफाइटचा ढीग उपकरणावर रचायचा. दोन्ही म्यूऑनांना साधारण सारखंच अडवतात. पण हवेचा थर किलोमीटरभर जाड, ग्रॅफाइट अगदी थोडा. हवेतून येताना जास्त म्यूऑन गळत असतील, तर ती जादाची गळती अडवणुकीमुळे नाही, वेळ गेल्यामुळे आहे. म्हणजे म्यूऑन वाटेतच फुटतात. भाभांचं पहिलं म्हणणं खरं ठरलं.

पुढच्या वर्षी डेव्हिड हॉल यांना घेऊन रॉसींनी डेन्व्हर (१,६०० मीटर) आणि एको लेक (सुमारे ३,२४० मीटर) इथे संथ आणि वेगवान म्यूऑन वेगळे मोजले. संथ म्यूऑन वेगवानांपेक्षा जवळपास तिप्पट गतीने फुटत होते, आणि प्रमाण सूत्राशी जुळत होतं. हे निष्कर्ष १९४१ मध्ये छापून आले, भाभांच्या टिपणानंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात, १९३८ मध्येच, हर्बर्ट आइव्हज आणि जी. आर. स्टिलवेल यांनी धावत्या हायड्रोजन अणूंच्या प्रकाशातून कालविस्तार, म्हणजे धावत्या घड्याळाचं हे मंदावणं, मोजला होता. आइव्हज स्वतः आइन्स्टाइनच्या सिद्धांताचे विरोधक होते, तरी त्यांचं मोजमाप त्या सिद्धांताच्याच बाजूने पडलं.

भाभांचं टिपण छापून आलं त्या १९३८ साली आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून जिल्ह्याचं तेव्हाचं नाव उस्मानाबाद, त्याच्याच नावावरून हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ. त्या वर्षाच्या अखेरीस 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं आणि त्यांतले अनेक नागपूरला शिकायला गेले. हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू होता. त्यात उतरलेले स्वामी रामानंद तीर्थ काही वर्षं आधी याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवत होते. त्या काळात इथल्या माणसाला काळाचं मोजमाप म्हणजे निजामाच्या राजवटीतून सुटकेला किती वर्षं लागणार, एवढंच होतं. ती सुटका १७ सप्टेंबर १९४८ ला आली.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले आणि युद्ध पेटल्याने परत गेले नाहीत. सी. व्ही. रामन जिथे काम करत होते त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचा विभाग सुरू केला. दक्षिण भारतात राहणं या कामाला सोयीचं होतं, कारण पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. पृथ्वीचं चुंबकत्व इथे कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावतं. हैदराबादच्या अक्षांशावर सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचा प्रोटॉन सरळ वरून आत शिरूच शकत नाही. रॉबर्ट मिलिकन यांच्यासारखा नोबेल विजेता १९३९-४० च्या हिवाळ्यात फुगे घेऊन बंगळुरू, आग्रा आणि पेशावरला आला तो याच कारणाने. भाभांच्या गटाने युद्धकाळात अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून ३० हजार फुटांपर्यंत म्यूऑन मोजले.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. सुरुवात बंगळुरूत, आणि डिसेंबरमध्ये मुंबईत पेडर रोडच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात, जो भाभांच्याच कुटुंबाचा होता. तिथून दोन दिशांना काम गेलं. एक खाली: बी. व्ही. श्रीकांतन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलारच्या सोन्याच्या खाणींत म्यूऑन मोजायला सुरुवात केली. शेकडो मीटर खडक पार करून पोचणारे म्यूऑन इतके वेगवान असतात की त्यांचा गुणक शेकड्यांत, हजारांत जातो. दुसरं वर: बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल, यश पाल या पिढीने छायाचित्रणाच्या काचा फुग्यांना बांधून आभाळात पाठवल्या. सुरुवातीला रबरी फुग्यांचे झुपके, नंतर प्लॅस्टिकचे मोठे फुगे. १९६० च्या दशकात हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून ते सुटले, आणि १९६९ मध्ये तिथे कायमचं केंद्र उभं राहिलं. ज्या विद्यापीठातून मुलांना गाण्यासाठी घालवून दिलं होतं, त्याच्याच मैदानावरून स्वतंत्र देशाची उपकरणं नळदुर्ग-तुळजापूरच्या आभाळाकडे निघू लागली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

असा फुगा चढताना विश्वकिरणांची मोजणी आधी वाढत जाते, साधारण १५ ते २० किलोमीटरच्या दरम्यान सर्वांत जास्त होते आणि मग उतरते. म्हणजे फुगा म्यूऑनांच्या जन्मथरातून वर निघून जातो. तिथून पुढे त्याला भेटतात ते अवकाशातून आलेले मूळ कण. आणि खाली, शेतात उतरलेल्या पेटीवर पुन्हा म्यूऑनांचा सडा असतो.

हे सगळं झाल्यावरही मूळ प्रश्न उरतो: काळ मंदावतो, पण कशामुळे? माणसाचं मन यंत्र शोधतं. धावण्यामुळे कणावर काही ताण येतो का, त्याच्या आत काही जड होतं का? हेंड्रिक लोरेन्ट्झ यांच्या पिढीने तसाच विचार केला होता. अवकाशात ईथर भरलेलं आहे, त्यातून जाताना वस्तू दबतात, असं. १८८७ च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नव्हता, तो का लागला नाही हे समजावण्यासाठीच. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रश्नच बदलला. प्रकाशाचा वेग प्रत्येकाला, तो कसाही धावत असो, सारखाच मोजला जातो एवढं एक खरं मानलं, तर अंतर आणि काळ हे दोन्ही सर्वांना सारखे राहू शकत नाहीत. १९०८ मध्ये कोलोनला हर्मान मिंकोवस्की यांनी त्याला भूमितीचं रूप दिलं: काळ आणि अवकाश मिळून एकच पट आहे, आणि प्रत्येक घड्याळ त्या पटावरच्या स्वतःच्या वाटेची लांबी मोजतं.

धाराशिवहून सोलापूरला दोन गाड्या निघाल्या, एक तुळजापूरवरून थेट, दुसरी बार्शीवरून फिरून. सोलापुरात दोन्हींचे किलोमीटर वेगळे दिसतील. मीटर कशाने बिघडला, असं कुणी विचारत नाही. वाटाच वेगळ्या होत्या. कालविस्तार तसाच आहे, फक्त एका फरकाने. काळाच्या पटावर वजाबाकीचं चिन्ह लागतं, म्हणून तिथे सरळ वाट सर्वांत जास्त काळाची असते आणि वाकडी वाट कमी काळाची. अवकाशात तुम्ही जितके जास्त धावता, तितका तुमच्या वाट्याचा काळ वजा होतो. घड्याळाला काहीही होत नाही. सगळ्यांसाठी एकच सामाईक काळ असतो, ही आपली समजूत तेवढी खोटी ठरते.

मग वाट वाकवणारा धक्का, म्हणजे त्वरण, हे कारण नाही का? १९७७ मध्ये सर्न प्रयोगशाळेने याचं उत्तर दिलं. तिथे म्यूऑनांना चुंबकांच्या १४ मीटर व्यासाच्या कड्यात गरागरा फिरवलं, गुणक २९.३ ठेवून. त्यांचं आयुष्य २.२ वरून सुमारे ६४ मायक्रोसेकंद झालं, वेगावरून काढलेल्या हिशेबाप्रमाणे. फिरताना त्यांच्यावरचं त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहावर अठरा घात पट होतं, तरी त्याचा स्वतःचा म्हणून काही परिणाम आढळला नाही. त्याआधी १९६३ मध्ये डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांनी विद्यार्थ्यांसाठी रॉसींचा प्रयोग नव्याने केला होता. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर तासाला सुमारे ५६० म्यूऑन, समुद्रसपाटीला सुमारे ४१०. काळ सामाईक असता तर २७ च यायला हवे होते.

वेगाखेरीज दुसरं कारण गुरुत्वाचं. आइन्स्टाइनने १९०७ मध्येच ओळखलं की वस्तुमानाच्या जवळ घड्याळ हळू चालतं, वर गेलं की जलद. पुढे १९१५ च्या सिद्धांतात ते काळ-अवकाशाच्या वाकण्यातून आपोआप निघालं. हा सिद्धांत भारतात रुजवणाऱ्यांत कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर होते. १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सापेक्षतेची एक अख्खी पिढी घडवली. पाउंड आणि रेब्का यांनी १९६० मध्ये हार्वर्डच्या साडेबावीस मीटरच्या मनोऱ्यात हा परिणाम मोजून दाखवला. आज मोबाइलवर ठिकाण दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं उंचीमुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात. निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात ठिकाण कित्येक किलोमीटरनी चुकेल.

धाराशिव शहर बालाघाटच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. टाटा संस्थेची कुलाब्याची इमारत समुद्राला लागून. दोन्हींतल्या काळाच्या गतीचा फरक काढायला गुरुत्वत्वरण गुणिले उंची भागिले प्रकाशवेगाचा वर्ग एवढंच करावं लागतं. तो येतो शंभर लाख कोटींत सुमारे सात भाग. वर्षभराचे सेकंद त्याला गुणले की धाराशिवकर मुंबईकरापेक्षा सुमारे २.२ मायक्रोसेकंद जास्त जगलेला निघतो, म्हणजे नेमकं स्थिर म्यूऑनाच्या एका सरासरी आयुष्याइतकं. दिवसाचा फरक सुमारे सहा नॅनोसेकंद. १९७१ मध्ये हेफेल आणि कीटिंग यांनी प्रवासी विमानांतून सिझियम घड्याळं जगभर फिरवली तेव्हा पूर्वेकडची ५९ नॅनोसेकंद मागे आणि पश्चिमेकडची २७३ पुढे गेली होती. त्याहून बरीच अचूक अशी आजची अणुघड्याळं आधी एकमेकांशी जुळवून घेतली आणि एक कुलाब्यात, एक धाराशिवला ठेवून दोन-तीन महिन्यांनी शेजारी आणली, तर डोंगरावरचं घड्याळ पुढे गेलेलं दिसेल.